सहस्रपाती वज्रचक्र

मी एक जुने कडबाकुट्टी यंत्र आहे. कंधार तालुक्यातल्या एका गोठ्यात उभे आहे. अंगाला गंज चढला, पण धार गेलेली नाही. मित्रांनो, माझ्या तोंडात कडब्याची पेंडी घातली की पलीकडे बारीक कुट्टी पडते. लोक माझे कौतुक करतात. जवळ येताना मात्र पदर खोचून घेतात, आणि ते योग्यच करतात.

पूर्वी मला हाताने फिरवत. मग मोटार बसली आणि बटण दाराशेजारच्या भिंतीवर गेले. तिथून माझे तोंड दिसत नाही. एकदा कुणीतरी न सांगता बटण दाबले आणि व्यंकट गड्याची दोन बोटे मी कापली. तेव्हापासून घराचा नेम ठरला. बटणाजवळच्याने "आली कुट्टी!" असे ओरडायचे, माझ्यापाशी असलेल्याने दोन्ही हात वर करून "हाव!", म्हणजे हो, म्हणायचे, मगच बटण दाबायचे.

मालक भारतरावांची तनुजा मोबाईलवर जपानी ॲनिमे, म्हणजे लढायांची कार्टून, बघते. तिने एकदा आईला विचारले, "हे लोक वार करायच्या आधी त्याचं नाव का ओरडून राहिलेत? दुश्मन सावध होईल की!"

"दुश्मनासाठी न्हाई गं," सिंधुबाई म्हणाल्या, "जवळ आपलंबी माणूस असतंय."

पोरीला ते पटले. मग बटण दाबण्याआधी ती गर्जू लागली, "सहस्रपाती वज्रचक्र!" एवढे भारदस्त नाव मला कुणी दिले नव्हते. खरे सांगते, मला ते आवडले.

परवा कुट्टी चालू असतानाच लाईट गेली. बटण तसेच चालू राहिले. अडकलेली पेंडी ओढायला सिंधुबाईंनी हात कोपरापर्यंत आत घातला. लाईट काही सांगून येत नाही आणि मला तोंड असून बोलता येत नाही. तेवढ्यात दारात बसलेल्या तनुजाची नजर बटणावर गेली.

"सहस्रपाती वज्रचक्र!" ती किंचाळली.

सवयीने सिंधुबाईंचे दोन्ही हात वर गेले. "हाव" म्हणतात न म्हणतात तोच लाईट आली आणि मी गरगरा फिरले. कुट्टीबरोबर, हात उपसताना आत फुटून पडलेल्या हिरव्या बांगडीचा चुरा पडला. मायलेकी एकमेकींना धरून रडल्या.

मित्रांनो, माझ्या पात्यांना कडबा आणि मनगट यांतला फरक कळत नाही. लाईट गेली की आधी बटण बंद करा. चालू करताना ओरडा, लाजू नका.

आज पुन्हा लाईट गेली आहे. भारतराव बटण तसेच चालू ठेवून कंधारला गेले. तनुजा शाळेत आहे, सिंधुबाई पाण्याला गेल्या आहेत. शेजारच्या पार्वतीबाई मदतीला आल्या आहेत. त्यांना आमचा नेम कुणी सांगितलेला नाही. पेंडी अडकली आहे आणि त्या बाह्या वर सारत आहेत.

कुणी जवळ असाल तर ओरडा.