झाकण नसलेला ड्रम

मी एक निळा ड्रम बोलतोय. कंपनीत पातळ साबण भरून आलो, रिकामा झालो आणि भंगारात गेलो. तिथून बुद्धभूषणने मला मोटरसायकलला बांधून निघोजे गावातल्या आपल्या पत्र्याच्या खोलीवर आणलं. मला झाकण नव्हतं. "बघू नंतर," तो म्हणाला.

तो आणि त्याची बायको मिनल, दोघंही कंपनीत कंत्राटावर. दोन वर्षांची पिंकी दिवसभर शेजारच्या कस्तुराबाईंकडे असायची. नळाला पाणी चौथ्या दिवशी यायचं, म्हणून मला काठोकाठ भरून ठेवायचे. मिनल पाणी काढताना कडेवरची पिंकी वाकून माझ्यात "ओ!" करायची. मीही तिला ओ द्यायचो.

एकदा घरोघरी फिरणाऱ्या आशा सेविका भाग्यश्रीताई आल्या. त्यांनी बॅटरी मारून आत पाहिलं.

"मिनल, अळ्या झाल्यात गं. यांचेच डास होतात, मलेरियाचे. ओतून टाक, घासून कोरडा कर."

"ताई, पाणी परवा येणार. हे ओतलं तर लेकराला काय पाजू?"

"मग निदान कापड तरी बांध," ताई म्हणाल्या. तेवढ्यात शिफ्टची बस आली. कापड राहूनच गेलं.

काही दिवसांनी पिंकी थंडीने कुडकुडली, तापली, घामाघूम झाली. दुसऱ्या दिवशी हसत उठली. "दात येतायत," कस्तुराबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप, चौथ्या दिवशी पुन्हा खेळ. रक्त तपासायचं तर खाडा पडणार, आणि खाडा पडला की ठेकेदार दुसरी बाई लावणार. "रविवारी नेऊ," मिनल म्हणाली. शनिवारी पिंकीला झटके आले. रिक्षात घालून नेली, पण उशीर झाला होता.

भाग्यश्रीताई भेटायला आल्या तेव्हा मिनल उंबऱ्यावर बसली होती.

"ताई, खेळत होती हो ती. बरी दिसली म्हणून तर कामावर गेले."

ताईंनी तिचा हात धरला.

मग मिनल उठली आणि तिने मला आडवं पाडलं. सगळं पाणी गटारात गेलं. महिनाभरात ती दोघं गावाकडे निघून गेली.

आता कुणीतरी मला खोल्यांमागे उभं करून ठेवलंय. नवं बिऱ्हाड आलंय, त्यांचं लेकरू रांगतंय. माझ्या पोटात पावसाचं पाणी साचलंय आणि त्यात पुन्हा वळवळ सुरू झालीय. लेकरू तापलं आणि दुसऱ्या दिवशी हसलं, तरी मलेरियासाठी त्याचं रक्त तपासा हो. आणि इकडून जाणार असाल, तर मला तेवढं पालथं घाला. मला स्वतःला हलता येत नाही.