खंडेनवमीच्या पाटावरचा रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, आणि दोघी शेवटी रडून मोकळ्या होतात. मला रडायचं नाही, मला भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं ती मोठी माणसं माझं ऐकून घेणार नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका सरकारी कारखान्यात झाला. पोलाद तापवून, कातून, घासून मला आकार दिला. मुठीला शिसवी लाकूड बसवलं. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानाशी धरून चक्र फिरवून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. ते माझं पहिलं कौतुक. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण मोठे झाल्यावर फार उपयोगी पडणार.

माझे पहिले मालक जाफराबादचे रामप्रसादशेठ. कापसाचे व्यापारी. हंगामात खेडोपाडी रोकड घेऊन जावं लागायचं, आणि एकदा वाटेत त्यांना अडवून मारहाण झाली होती. म्हणून त्यांनी मला घेतलं. हौस म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर मी त्यांना मुळीच आवडत नव्हतो. "ही बला हाय, गरजेपोटी पोसून राह्यलो," असं ते तोंडावर म्हणायचे. घरी आले की चप्पल काढायच्या आधी मला रिकामं करायचे. गोळ्या एका कपाटात, मी दुसऱ्यात, आणि किल्ल्या कंबरेच्या करदोड्याला. त्यांच्या नातवंडांनी मला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्याजवळ राहिलो, पण एकाही जिवावर चाललो नाही. असा मालक मिळायला नशीब लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

शेठ वारले. त्यांच्या पत्नी मालनबाई यांनी रीतसर कागद करून मला जालन्याला महेमूदभाईंच्या दुकानात आणून दिलं. महेमूदभाई बंदुका विकतात आणि दुरुस्तही करतात. "भाई, चांगल्या मानसाच्या हाती द्या," एवढंच मालनबाई म्हणाल्या. भाईंनी मला तेलाच्या फडक्यात गुंडाळून तिजोरीत ठेवलं. मग वर्षांमागून वर्षं गेली. माझ्यानंतर आलेली नवी, हलकी, काळी कुळकुळीत पिस्तुलं विकली गेली, मी मात्र तिथेच. उपेक्षा कुणाला गोड लागते? मीही मनात कुढायचो. कुणी तरी यावं, आपल्याला निवडावं, असं मला वाटायचं. आज त्या वाटण्याची लाज वाटते.

नवरात्र सरत आलं आणि अंबडचे आदिनाथराव दुकानात आले. प्लॉट पाडून विकायचा त्यांचा धंदा होता, आणि तो जोरात होता. सोबत पत्नी तृप्ती होती. ती घरी शिवणकाम करायची.

"भाई, पहिलंच हत्यार घेऊन राह्यलो," आदिनाथराव खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "आसं दाखवा, की बघणाराची नजर हटली न्हाई पाह्यजे."

महेमूदभाईंनी टेबलावर लाल मखमल पसरली आणि आम्हाला ओळीने मांडलं. मित्रांनो, तुम्ही साधी सायकल घ्यायला गेलात तरी ब्रेक दाबून बघता. आजी मडकं घेते तेही वाजवून घेते. आणि हा भला माणूस काय बघत होता? एक पिस्तूल उचललं, कंबरेला खोचलं, कपाटाच्या काचेत स्वतःला समोरून बघितलं, बाजूने बघितलं, पोट आत ओढून पुन्हा बघितलं. "हे तर खेळण्यावानी दिसतंय," म्हणून ठेवून दिलं. दुसरं उचललं. त्याचा फोटो काढला. तो कुणा मित्राला पाठवला. उत्तर आलं तसं तेही ठेवून दिलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हे जुनं हाय का?" त्यांनी मला तळहातावर तोललं. "वजनदार हाय. खानदानी वाटतंय. लोकं म्हनतील, आज्याच्या काळापासून चालत आलंय."

त्यांचे आजोबा अंबडच्या बाजारात दोरखंड विकायचे. विळ्यापलीकडे कुठलं हत्यार त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. कष्टाने संसार उभा केला, मुलांना शिकवलं. अशा आज्याचा अभिमान धरायला काय हरकत होती? पण नाही. नातवाला आज्याच्या हातात दोरखंड नको होता, मी हवा होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला ना तळपाय, ना मस्तक.

तृप्ती एवढा वेळ ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, पर आपल्याला धोका कोनाचा हाय?"

"धोका काय सांगून येतो का?" आदिनाथराव हसले. त्यांच्या धंद्यातल्या भागीदाराच्या कंबरेला मागच्या वर्षापासून पिस्तूल होतं. धोका असेल तर तो एवढाच होता.

महेमूदभाई मला पुसत होते. त्यांनी विचारलं, "साहेब, घरात छोटी लेकरं हायत का?"

"एक पोरगी हाय. पोरगी काय हात लावती?"

भाईंनी टेबलाखालून एक लोखंडी पेटी काढून पुढे सरकवली. "ही बी घेऊन जा. कुलूपवाली हाय. बराबर भिंतीत ठोकून बसवा."

"कपाट हाय ना भाई घरी. फुकट खर्चा कशाला?"

आणि मित्रांनो, महेमूदभाईंनी ती पेटी परत टेबलाखाली सरकवली. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून. सगळा जन्म माझ्यासारख्यांच्या संगतीत गेलेला माणूस, मी काय करू शकतो हे ज्याला पुरतं ठाऊक, तो एकदा विचारून मोकळा झाला. मालनबाईंनी काय सांगितलं होतं, हे त्यांना आठवलं असतं तर बरं झालं असतं.

अंबडला आलो आणि दोनच दिवसांनी खंडेनवमी आली. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा होते. ज्याचं पोट ज्याच्यावर, त्याने ते पाटावर मांडायचं. आणि एकदा पूजेला बसवलं की दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. रीत फार चांगली आहे. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विश्रांती मिळते. बैठकीच्या खोलीत पाट मांडला. त्यावर विळा, कुऱ्हाड, जमीन मोजायचा टेप, तृप्तीची कात्री. सहा वर्षांच्या अर्पिताने आपली कंपासपेटीही आणून ठेवली. आणि मधोमध मला.

आदिनाथरावांच्या आई नंदाबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आल्या. मला बघून थबकल्या.

"त्याच्यात गोळ्या हायत का?"

"न्हाई आई. रिकामं हाय."

"रिकाम्याची पूजा करतेत का कुठं? शेजारणीचा डबा तरी आपन रिकामा परत देतो का? वर्सभर घर रिकामं ऱ्हाईल. भर ते."

"आत्याबाई, लेकरू हाय घरात," तृप्ती म्हणाली. "ते भरू नगा."

"दिवसभर म्या इथंच बसणार हाय. कोन हात लावतंय?"

आदिनाथरावांनी आईचा शब्द मोडला नाही. एरवी आई जेवायला हाका मारून थकायची तरी ते फोनवरून उठत नसत, पण त्या दिवशी मातृभक्तीला भरतं आलं होतं. त्यांनी मला गच्च भरलं आणि जमिनीपासून वीतभर उंचीच्या पाटावर ठेवून दिलं. रिकामा डबा परत देऊ नये, ही माया आहे. चार चकल्या घालाव्यात, गूळ घालावा. पण माझ्यात काय घालताय, याचा विचार त्या घरात तृप्तीशिवाय कुणाच्याच डोक्यात आला नाही, आणि तिचं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. आदिनाथराव मित्रांना पूजेचे फोटो दाखवायला चौकात गेले. नंदाबाई पाटाशेजारच्या बाजेवर टेकल्या, आणि टेकताच त्यांचा डोळा लागला. तृप्ती आत भांडी घासत होती.

अर्पिता आली. तिच्या हातात झेंडूचं फूल होतं, लांब देठाचं. सगळ्यांनी वाहिलेली फुलं विळ्यावर, कात्रीवर नीट बसली होती. माझ्यावरचं फूल मात्र घरंगळून खाली पडलं होतं, कारण मी गोल आहे. त्या लेकराला माझी दया आली. तिने आपलं फूल माझ्यावर ठेवून बघितलं. ते पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. मग तिला माझ्या नळीचं भोक दिसलं. फुलदाणी असते तसं.

तिने मला उचललं. मी तिला जड होतो, म्हणून मूठ पोटाशी टेकवली आणि नळी वर, स्वतःच्या तोंडाकडे केली. देठ भोकात नीट जावा म्हणून एक डोळा मिटून ती आत बघायला लागली. देठ आत गेला तरी तिचा अंगठा माझ्या खटक्यावरच होता.

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, मला "नको" म्हणता येत नाही. ज्याने दाबलं त्याचं मी ऐकतो. भल्याचं ऐकतो, चोराचं ऐकतो, आणि फूल वाहणाऱ्या लेकराचंही ऐकलं असतं. मी असा घडलो आहे. माझ्या त्या म्हाताऱ्या कारागिराचा मला तेव्हा इतका राग आला, की त्याने माझ्यात एखादा दोष ठेवला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

तृप्ती हात पुसत दारात आली आणि जागच्या जागी थांबली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर पोर दचकली असती.

"अर्पू," ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पूजेतलं हातात घेतल्यावर कसं ठेवतेत? आजीनं शिकवलंय ना?"

"दोन्ही हातानं," अर्पिता म्हणाली.

"मंग ठेव बरं. वरून धर. अंगठा काढ. हळूच."

अर्पिताने अंगठा काढला, दोन्ही हातांनी मला पाटावर ठेवलं आणि नमस्कार केला. तृप्तीने तिला उचललं ते थेट अंगणात नेलं. लेकरू विचारत होतं, "आई, तू काहून रडून राह्यली? फूल बसलं की बराबर."

आवाजाने नंदाबाई उठल्या. त्यांनी माझ्या नळीत खोचलेला झेंडू बघितला आणि सगळं समजल्या. मुलाला फोन करून मला हलवायला बोलावलं. तो येईपर्यंत त्या पाट आणि दार यांच्या मधे उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"आई, दसऱ्यापस्तोर हलवत न्हाईत म्हनं ना?" आदिनाथराव आल्या आल्या म्हणाले. मग त्यांना फूल दिसलं.

"देवाचा काय कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे," नंदाबाई म्हणाल्या. "आधी ते रिकामं कर. अन् पुन्हा या घरात माझ्या नजरंला पडू देऊ नको."

गोळ्या काढताना आदिनाथरावांच्या हातून एक फरशीवर पडून बाजेखाली गेली. ती शोधायला ते वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

दसरा झाल्यावर नवरा-बायको मला घेऊन जालन्याला आले. परवाना आदिनाथरावांच्या नावाचा, म्हणून मला धरलं होतं त्यांनी, पण बोलली तृप्ती.

"काय खराबी निघाली, साहेब?" महेमूदभाईंनी विचारलं.

"त्याच्यात खराबी न्हाई, भाई," तृप्ती म्हणाली. "तुमी लेकराचं विचारलं व्हतं, तव्हा आमी आयकलं न्हाई. पर तुमी बी दुसऱ्यांदा विचारलं न्हाई."

महेमूदभाईंनी मला फडक्यात गुंडाळलं आणि तिजोरीचं दार लावलं.

आता मी इथेच आहे, आणि आता मी कुढत नाही. मित्रांनो, माझ्यासारखं काही कुठे दिसलं तर त्याला हात लावू नका. फूल वाहायलासुद्धा नाही. लांब उभे राहा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. आणि तुमच्या घरातलं कुणी दुकानात मला निवडायला निघालं, तर भीड धरू नका. दारात आडवे उभे राहा आणि विचारा, कशाला, आणि ठेवणार कुठे. आदिनाथरावांनी मला घेताना मित्राला विचारलं, काचेला विचारलं, वारलेल्या आज्यालाही विचारात घेतलं. अर्पिताला कुणी विचारलं नव्हतं.