येतानाचं बाजं

लालासाहेबांचा राग सगळ्या गावाला पाठ होता. सकाळी ते गड्यांवर ओरडत, दुपारी बैलांवर, आणि संध्याकाळी दुसरं कुणी सापडलं नाही तर बायकोवर. पण सेहेचाळीस सालच्या त्या हिवाळ्यात त्यांच्या रागाला बारा तासांचं कायमचं गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा, सयाजी.

सयाजी पलटणीच्या बँडात होता. लढाई संपल्यावर तो इटलीहून आला तो एक पितळी ट्रंपेट काखोटीला मारून. इथवर लालासाहेबांची काही तक्रार नव्हती. पोरगा साहेबांपुढं वाजवतो, हे तर ते उंब्रजच्या बाजारात मुद्दाम थांबून सांगत. खाकी कपड्यातलं वाजवणं निराळं! पण घरी येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच त्यानं उंब्रजच्या रहिमान मास्तरांच्या बँडचा लाल कोट अंगात चढवला आणि एका वरातीत, नवरदेवाच्या घोड्यापुढं, गाल फुगवून उभा राहिला. घरचा ऊस, दारात चार बैलजोड्या, आणि पोरगं दुसऱ्याच्या वरातीत वाजवतंय! लालासाहेबांच्या मस्तकात तिडीक गेली.

"आन वाजिवतंय काय, तर काळ्या लोकांचं बाजं," भावकीतला कोंडीबा पारावर म्हणाला. कोंडीबाचं म्हणणं गावाचं म्हणणं असे, कारण त्याच्याइतक्या मोठ्यानं दुसरं कुणी म्हणत नसे. "एक हिकडं पळतोय, एक तिकडं पळतोय. दावं तोडल्याली जनावरं नुसती."

त्याला जॅझ म्हणतात, असं सयाजी सांगायचा. इटलीत त्यांच्या तळाशेजारी अमेरिकेतल्या काळ्या शिपायांचा तळ होता. तिथं जोसेफ नावाचा एक जण रोज संध्याकाळी वाजवत बसे. पलटणीच्या बँडात कागदावर असेल तेवढंच वाजवायचं. पदरचा एक सूर घातला की शिक्षा. जोसेफकडं कागदच नव्हता. सगळ्यांनी मिळून एक चाल धरायची आणि पाळीपाळीनं ज्यानं त्यानं तिच्यात आपलं म्हणणं घालायचं. जायच्या दिवशी जोसेफनं आपला जुना ट्रंपेट सयाजीच्या हातात दिला आणि एवढंच मागितलं की, तुझ्या गावात हे चार माणसांना शिकव. सयाजी त्याला हो म्हणाला होता. हो म्हटलं की करायचं, असं त्या पोराचं सरळ डोकं होतं. ते त्यानं बापाकडून घेतलं नव्हतं, एवढं नक्की.

घरात वाजवायला बंदी झाली, तसा सयाजी गुऱ्हाळावर राहायला गेला. रहिमान मास्तर आणि त्यांची माणसं तिथं येत. मास्तर महिनाभर कुरकुरले की हे बेशिस्त आहे, ह्याला तालीम म्हणत नाहीत. मग एके दिवशी त्यांच्या क्लॅरिनेटला त्यातली गोडी कळली आणि त्यानंतर त्यांना थांबवायलाच माणूस लागू लागलं. गावानं मात्र दारं लावून घेतली. जत्रेतली सुपारी गेली. वाटेनं जाताना कुणी ढोलावर ढेकूळ मारायचं, कुणी नुसतंच थुंकायचं.

त्या वाजवण्याला गावात एकच ऐकणारी मिळाली. लालासाहेबांची थोरली बहीण, बनाबाई.

बनाबाईला नवव्या वर्षी सांगलीकडं दिली होती. अकराव्या वर्षी ती पांढऱ्या कपाळानं माघारी आली. दुसरं लग्न लावून देण्याची गोष्ट कुणी काढली, तेव्हा वडील म्हणाले, आमच्यात पाट लावत नाहीत. पुढं लालासाहेब मोठे झाले आणि तेही तेच म्हणू लागले. साठ वर्षं ती भावाच्या घरात राबली, सयाजीला तिनंच वाढवला. पण दारात वरातीचं बाजं आलं की कुणीतरी म्हणायचं, "अक्का, आत व्हा." बहुतेक वेळा ते लालासाहेबच असत. मग ती धान्याच्या खोलीत जाऊन बसायची आणि बाजं पुढं गेलं की बाहेर येऊन उष्टी काढायची.

आता ती भाचराची भाकरी घेऊन गुऱ्हाळावर जायची आणि चिपाडांच्या ढिगावर ऐटीत बसायची. तिथं तिला आत व्हा म्हणणारं कुणी नव्हतं.

"ह्ये कवा वाजिवत्यात त्यांच्यात?" तिनं एकदा विचारलं.

"मानूस मेल्यावर," सयाजी म्हणाला. "जाताना हळू वाजिवत्यात. पोचवून झालं की येताना मोकळं, नाचत."

"आरं, मेल्यावर नाचत्यात?"

"जोसेफच्या पणज्याला बाजारात इकला हुता, आत्ती. बैलासारखा. जित्तेपनी सुटका न्हवतीच. मेला की सुटला. म्हनून येताना आनंद."

बनाबाई बराच वेळ चिपाड मोडत बसली. मग म्हणाली, "मंग ह्ये माझंच बाजं हाय की रं."

पौषात तिनं अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी तिनं भावाला जवळ बोलावलं. लालासाहेबांची बायको शालूबाई पायाशी बसली होती.

"लाला, माझ्यासाठी बाजं एकदाच वाजलं. तवा मी झोपले हुते, कडंवर घिऊन फिरवली मला. आता जाताना वाजू दे आन येताना बी वाजू दे. सयाजीचं."

"व्हय, अक्का."

"मोडशील."

"न्हाई मोडत. झोप तू."

गल्लीतल्या बायकांनाही तिनं बजावून ठेवलं होतं. माणसाला उचलून नेलं की जीव गेल्या जागी पिठावर दिवा लावायची रीत. "माझा दिवा लगीच लावू नगा," ती म्हणाली होती. "मानसं माघारी येताना बाजं वाजंल. ते कानावर आलं की समजा, मी सुटले. मंग लावा. आदी लावलासा तर उठून फुकर मारीन." बायका हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

जाताना बाजं वाजलं. म्हातारं माणूस वाजतगाजत न्यायची पद्धतच होती, तेव्हा कुणाला बोलायला जागा नव्हती. पण हे हलगीचं वाजणं नव्हतं. चिखलातून एकेक पाय उपसत चालावं तसा एकेक सूर जड होऊन येत होता. लालासाहेब तिरडीपुढं मडकं घेऊन चालत होते. त्यांचे डोळे भरून आले आणि डोळे भरून आले म्हणून त्यांना पुन्हा राग आला.

चिता पेटली. मंडळी नदीत अंघोळ करून वर आली. रहिमान मास्तर आणि त्यांची माणसं बाभळीखाली उभी होती. सयाजी ओल्या अंगानं तिथं गेला, ट्रंपेट ओठाला लावला आणि वर तोंड करून त्यानं चार सूर मोकळे सोडले. क्लॅरिनेट त्यांच्यामागं हसत सुटलं. ढोलावर टिपरी पडली.

"आवं लालासाहेब!" कोंडीबा किंचाळला. "चिता जळतीया आन तुमचं पोर वरात काढतंय! भावकी तुमच्या दारात पाय ठेवायची न्हाई. सांगून ठिवतो."

कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. ते मास्तरांच्या खांद्याला लागलं. आणखी दोघं वाकले. लालासाहेब तरातरा चालत गेले, पोराच्या तोंडातून ट्रंपेट ओढला आणि हात मागं घेऊन नदीत फेकला. पितळ एकदा चमकलं आणि पाण्यात गेलं.

सयाजीच्या ओठातून रक्त आलं होतं. "तुमी तिला व्हय म्हनला हुतासा," तो म्हणाला.

"मरत्या मानसाला व्हयच म्हनायचं असतंय."

मंडळी मुकाट्यानं घराकडं निघाली. चितेकडं वळून बघायचं नसतं, तसं कुणी बघितलं नाही. इज्जत राखल्याच्या समाधानात लालासाहेब पुढं होते. सयाजी पाण्यात उतरला होता, तेही त्यांनी बघितलं नाही.

घरी आल्यावर मंडळींनी कडुलिंबाचा पाला चावायचा, दिवा बघायचा आणि मग आपापल्या घरी जायचं. दिवा बघितल्याशिवाय कुणी जात नाही. पन्नास-साठ माणसं ओल्या धोतरांनी अंगणात उभी राहिली. आत ताटात पीठ होतं, पिठावर पणती होती, पणतीत तेल होतं. ज्योत नव्हती.

"दिवा?" लालासाहेबांनी विचारलं.

"बाजं ऐकू आलं न्हाई," शालूबाई म्हणाली.

"बाजं येनार न्हाई. लाव दिवा."

"न्हाई लावत."

चाळीस वर्षांच्या संसारात शालूबाईनं हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता. लालासाहेबांना वाटलं आपल्याला ऐकू कमी येतंय. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. ताटाभोवती गल्लीतल्या सगळ्या रांडवा बायका मांडी घालून बसल्या होत्या आणि एकीचीही नजर खाली नव्हती.

"मी लावतो," म्हणून ते आत आले. काडी ओढली आणि वाकले. शेजारच्या चंद्राबाईनं पणतीवर तळहात धरला.

"हात काड."

"न्हाई काडत."

लालासाहेबांनी काडी तशीच पुढं नेली. भीतीनं ती मागं सरेल असं त्यांना वाटलं. काडी तळहाताला लागली. चंद्राबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलला नाही. काडी तिथंच विझली. लालासाहेबांना स्वतःची लाज वाटली, फार लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या लाजेचा राग झाला नाही.

बाहेर थंडीनं माणसं कुडकुडत होती. "आवं, लावा की दिवा," कोंडीबाचा आवाज आला. "आमी काय हितंच मरायचं?" आत काय घडलं ते त्याला कुणीतरी सांगितलं, तसा तोच कोंडीबा ओरडला, "म्हातारीला शबूद दिला हुता तर मोडायचा कशाला ह्या मानसानं? समद्या गावाला येठीस धरलंय!"

लालासाहेब चपला न घालता बाहेर पडले. स्मशानातून आलेल्या माणसानं त्याच दिवशी पुन्हा तिकडं जायचं नसतं. ते गेले.

सयाजी काठावरच्या धोंड्यावर बसला होता. ट्रंपेट त्याला सापडला होता. तो उलटा धरून त्यातलं पाणी काढत होता. रहिमान मास्तर खांदा चोळत शेजारी उभे होते. कुणीही ‘या’ म्हणालं नाही.

"दिवा लागंना," लालासाहेब म्हणाले.

सयाजीनं ट्रंपेट पुन्हा उलटा करून झटकला.

"बायका आयकंनात. वाजवा म्हन्तोय मी."

"हुकमानं न्हाई वाजत ह्ये."

मागं चिता अजून धगधगत होती. "मग कशानं वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"घरचं मानूस म्होरं चालतंय," सयाजी म्हणाला. "बाजाच्या म्होरं. त्याला लाज वाटली तरी."

"चालतो."

"मास्तरांना आदी इच्यारा. ढेकूळ त्यांना लागलंय."

लालासाहेबांनी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. ते रहिमान मास्तरांपुढं गेले आणि त्यांनी नुसते हात जोडले. मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं. ते काही हसले नाहीत.

मग तो सगळा रस्ता लालासाहेब दुसऱ्यांदा चालले. ट्रंपेटात गाळ होता. सूर मधेच घरघरत, मधेच फुटत, सयाजी फुटक्या ओठानं तसाच वाजवत होता. क्लॅरिनेट त्याला सोडून लांब जात होतं आणि नेमक्या जागी परत येऊन भेटत होतं. ढोल तर हुंदडत होता. वेशीत माणसं शिव्या देत उभी होती. एक जण लालासाहेबांच्या पायापुढं थुंकला. अक्काला साठ वर्षं ज्या बाजापुढं उभं राहू दिलं नाही, त्या बाजापुढं आपण बोडक्या डोक्यानं चाललोय, हे त्यांना पावलोपावली टोचत होतं. टोचू दे, असंही वाटत होतं.

अंगणाच्या तोंडाशी बाजं आलं आणि आतून बायका बाहेर आल्या. सगळ्या रांडवा, सगळ्या एकदम, उंबरा ओलांडून बाजाच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. कुणी त्यांना आत व्हा म्हणालं नाही. आत शालूबाईनं दिवा लावला.

मंडळी दिवा बघून, पुटपुटत, पांगली. चंद्राबाई भाजलेला हात पदरात धरून रहिमान मास्तरांपाशी आली.

"मास्तर, माझ्या येळंला बी येतानाचं वाजवायचं. इसरू नगा."

"माझ्या बी," दुसरी म्हणाली. मागून तिसरी पुढं झाली. मास्तरांनी सवयीनं लालासाहेबांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतासा?" लालासाहेब खेकसले. "त्या सांगत्यात की."

सयाजीनं ट्रंपेट पुसून पिशवीत घातला. मास्तरांच्या भावाचा, लियाकतचा, सांगलीत बँड होता. उद्यापासून तिकडंच, असं त्यानं आईला सांगितलं आणि तो बाहेरूनच वळला. बापाशेजारून जाताना तो थांबला नाही. लालासाहेबच आडवे झाले. तोंडात शालूबाईनं दिलेला कडुलिंबाचा पाला होता, त्यामुळं शब्द नीट फुटत नव्हते.

"आन माझ्या येळंला?"

सयाजीनं बापाकडं बघितलं. त्याच्या ओठावरचं रक्त वाळलं होतं.

"तुमच्या येळंला फकस्त जातानाचं," तो म्हणाला, आणि गेला.

तो पाला चावून थुंकायचा असतो. लालासाहेबांनी तो गिळला.