बादलीतला शिंपला

लुगड्याचा काठ कमरेला खोचून पंचफुला तळ्यात उतरली आणि पायाच्या बोटांनी गाळ चाचपू लागली. काही टणक लागलं की वाकायचं, हात घालायचा, वर काढायचं. हा शिंपला उघडाच निघाला. आतला मऊ जीव कुजून गेला होता. तिने तो नाकापासून लांब धरून काठावर ठेवला. तिथे तसल्याच शिंपल्यांचा लहानसा ढीग झाला होता.

"अजून एक?" काठावर उभ्या असलेल्या सुनेने, वर्षाराणीने विचारलं.

"हो बाई."

"सारेच मरून राह्यले का काय, आत्याबाई?"

पंचफुला पुन्हा बोटांनी गाळ चाचपू लागली. हिरवं पाणी पोटऱ्यांना तेलासारखं चिकटत होतं.

मंगरूळपीरच्या बाजारात वांगी-कोथिंबीर पाठवणाऱ्या या मळ्याच्या कोपऱ्यात मारोतरावांनी, तिच्या नवऱ्याने, हे तळं फक्त पाखरांसाठी खणलं होतं. त्यातलं तांब्याभर पाणीही वाफ्याला घालायचं नाही, असा त्यांचा नियम. लोक हसले. मग खंड्या आला, चतुर आले, पाणकोंबडीने लव्हाळ्यात पिल्लं काढली. लकवा मारला तेव्हापासून मारोतरावांची बाज ओसरीवर, तळ्याकडे तोंड करून टाकलेली असे. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बघणं तेवढं उरलं.

आणि आता तळंच बिघडलं होतं. वास यायचा, डास उठायचे. नातीला, सायलीला, ताप येऊन गेला तसा मुलाने, गोपालने, ट्रॉलीभर मुरूम आणून बांधावर ओतला. तळं बुजवायचं. वर्षाराणीने त्याला कसंबसं थांबवलं. शिंपले पाणी गाळतात, असं तिने मोबाईलवर पाहिलं होतं. धरणावर मासे धरणाऱ्या सोजरबाईने ते ओल्या पोत्यातून आणून दिले होते.

"खायले मांगतले असते तं समजलं असतं," सोजरबाई पदर तोंडाला लावून हसली होती. "आमच्या धरणातल्या जिवाले तुमी धुण्याभांड्याले लावता काय वं?"

वर्षाराणीने आधी एक शिंपला बादलीत सोडून पाहिला. बादलीत तळ्याचंच हिरवं पाणी. संध्याकाळी बादलीचा तळ दिसू लागला. गोपालही वाकून बघून गेला होता आणि म्हणाला होता, पोळ्यालोक पाहू.

पोळा होऊन गेला होता.

"मा," गोपाल वांग्याच्या वाफ्यातून येता येता म्हणाला, "उद्या ट्रॅक्टर आणतो. लय झालं आता."

"तुह्या बाबाच्या डोळ्यासमोर बुजवतं?"

"बाजेचं तोंड फिरवू ना."

म्हणाला खरा, पण लगेच खाली बघून चपलेचा चिखल काढू लागला. मग निघून गेला.

वर्षाराणी अंगणातली बादली उचलून काठावर घेऊन आली. आत स्वच्छ पाणी होतं आणि तळाशी एक शिंपला किंचित उघडा, जिवंत.

"रोज याचं पानी बदलतो मी. तळ्यातलंच टाकतो. हा तं मजेत हाय. मंग तळ्यातलेच काहून मरतात? बादलीत नाही, असं तळ्यात काय हाय?"

दोघींची नजर एकदमच काठावरच्या पितळी परातीकडे गेली. परातीच्या कडेला सकाळची कणीक वाळून चिकटली होती. वर्षाराणीने घाईने मान वळवली आणि हातातलं फडकं पिळू लागली. ते कोरडंच होतं.

मारोतरावांना दवाखान्यात भरती केलं होतं तेव्हा पंचफुलाने रामाजवळ बोलून ठेवलं होतं. रोज आंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता, माशांना कणकेच्या गोळ्या घालीन. एकेका गोळीला तुझं नाव घेईन. यांच्या तोंडून एक शब्द तरी ऐकू दे. तेव्हापासून नेमात खंड पडला नव्हता. तळ्यात मासे होते बोटाएवढे, तेही मोजकेच. गोळ्या बुडायच्या, पांढऱ्या फुगायच्या. रात्री खात असतील, असं ती स्वतःला सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी कणीक भिजवली, गोळ्या वळल्या आणि परात घेऊन काठावर आली. ओसरीवर मारोतरावांचा डावा हात वर झाला. रोज व्हायचा. जोडायला दुसरा हात नाही, म्हणून देवासाठी एकच वर करतात, असं तिला वाटायचं. ती डोळे मिटून पहिलं नाव घ्यायची.

आज तिने डोळे मिटले नाहीत.

तळवा तिच्याकडे होता. बोटं ताठ. हात वर धरलेला नव्हता, तो हलत होता. इकडून तिकडे, हळूहळू, पण थांबत नव्हता. हा हात तिच्या ओळखीचा होता. जन्मभर ती वाढायला वाकली की ताटावर असाच आडवा यायचा.

तिची मूठ गोळ्यांवर तशीच मिटून राहिली.

मागे ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला.

"मा, बाजूले हो," गोपाल वरूनच ओरडला.

"दिवाळीलोक थांब."

"आता दिवाळीलोक काय होनार हाय?"

"शिंपल्याईले त्याईचं काम करू दे. मी मधात नाही येत आता."

गोपालने भरलेल्या परातीकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. त्याने इंजिन बंद केलं. तळ्यावर एकदम शांत झालं.

पंचफुला घरात गेली. गोळ्या दाबून एक गोळा केला, पोळी लाटली, तव्यावर टाकली. ताटली घेऊन बाजेवर टेकली आणि पहिला घास मारोतरावांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि घास तिच्याच तोंडाकडे वळवला.

तिने देवघराकडे पाहिलं. समई अजून लावायची होती. या वेळी तिच्या पोटात कधी काही गेलं नव्हतं.

तिने घास घेतला. सावकाश चावला. व्रताची कणीक, अळणी. ती रोज भिजवायची, पण तिची चव कधी घेतली नव्हती.

"वर्षाराणी," तिने आत हाक दिली, "जरा मीठ आण वं."