एक्कावन्न किलोचा ट्रक

मित्रांनो, नाक्यामागच्या मोकळ्या जागेत तुम्ही क्रिकेट खेळता तेव्हा ज्याला बाउंड्री समजता, तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वाकडा दांडा म्हणजे मी. मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको, माझा रंगच ते सांगतो. पण मी नेहमी असा आडवा पडलेला नव्हतो. म्हणजे आडवाच होतो, पण तेव्हा आडवं असणं ही माझी नोकरी होती.

गोंदिया जिल्हा संपून छत्तीसगड जिथे सुरू होतं, तिथल्या या नाक्यावर मी बॅरियर होतो. ट्रक आला की मी खाली. सगळं जुळलं की वर. माझ्या आयुष्यात चढ-उतार फार आले, पण ते सगळे दिवसभरातच आले.

माझा जन्म बुटीबोरीच्या एका कारखान्यात झाला. आम्ही पुष्कळ भाऊ होतो. एकाला मॉलमध्ये नोकरी लागली, तो सावलीत असतो. एक टोलनाक्यावर गेला, तो शिव्या खातो. मला आणि माझ्या जुळ्या भावाला टेम्पोत बांधून इकडे आणलं. येणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर मी, जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर तो. इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण एकदाही हात मिळवता आला नाही.

आमच्या आधी इथे एक बांबू होता. त्याच्या एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला दोरी, आणि दोरी केशोरावांच्या हातात. केशोराव म्हणजे नाक्यावरचे जुने बाबू. ओळखीचा ट्रक आला की बांबू आपोआप वर जायचा. अनोळखी आला की बांबूला झोप लागायची. मागे रायपूरपर्यंत रांग जाईल की काय असं वाटायचं. म्हणून वरच्या साहेबांनी ठरवलं, आता सगळं कॉम्प्युटरवर करायचं. आणि ते करायला रेणू आली.

रेणू गोंदियाजवळच्या कुडव्याची. शिक्षण नागपूरला. देवरीत खोली घेऊन राहायची आणि स्कुटीने नाक्यावर यायची. तिचं काम समजायला सोपं होतं, करायला मात्र अवघड. कॅमेरा ट्रकची नंबर प्लेट वाचणार. रस्त्यात पुरलेला काटा वजन घेणार. कोणता ट्रक केव्हा आत आला, केव्हा बाहेर गेला, आत काय माल होता, हे सगळं कॉम्प्युटर लक्षात ठेवणार, जुळवणार आणि मग मला सांगणार: वर.

चाचणीच्या दिवसांत ती माझ्याजवळ उभी राहायची आणि म्हणायची, "चल राजा, वर." मला तोपर्यंत कोणी राजा म्हटलं नव्हतं. कारखान्यात मला 'माल' म्हणत. माझ्यावर धूळ बसली की ती ओढणीच्या टोकाने पुसायची. ओढणी खराब व्हायची, मी चकचकीत व्हायचो.

तिने सिस्टीमला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. पहिली, जो ट्रक आत, म्हणजे महाराष्ट्रात, आला आहे तो बाहेर गेल्याशिवाय पुन्हा आत येऊ शकत नाही. दुसरी, एकदा झालेली नोंद नाक्यावरचा कोणीही बदलू शकणार नाही.

दुसरी गोष्ट ऐकून केशोराव डोकं खाजवत म्हणाले, "पोरी, अन् चूक झाली तं?"

"काका, मशीन चूक करत नाही."

"मी करतो ना."

"म्हणून तर मशीन आणलं."

मला हाताने उघडायची एक किल्ली होती, तीसुद्धा केशोरावांकडून काढून नागपूरच्या ऑफिसात नेऊन ठेवली. माझी किल्ली माझ्यापेक्षा मोठ्या गावात राहायला गेली.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. नारळ फुटला. माझ्यावर रिबीन बांधली होती. साहेब कापायला वाकले आणि त्याच वेळी कोणीतरी बटण दाबलं. मी रिबीन, झेंडूची माळ आणि साहेबांची टोपी घेऊन वर गेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हासुद्धा कार्यक्रमच आहे. माझं एवढं कौतुक पुन्हा झालं नाही.

मग श्रावण आला आणि एके दुपारी गोवर्धन ड्रायव्हरचा ट्रक माझ्यासमोर येऊन थांबला.

त्या ट्रकात काय होतं ते आधी सांगतो. नवेगाव बांधच्या तलावावर मासेमारी करणाऱ्यांची एक सोसायटी आहे. त्यांनी रायपूरकडून बोटुकली आणायला गाडी पाठवली होती. बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. ती तलावात सोडायची, वाढू द्यायची, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी जाळ्यात काही येतं. ट्रकच्या डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, जाड ताडपत्री अंथरून त्यात पाणी भरलं होतं आणि त्या पाण्यात बोटुकली. सोबत सोसायटीच्या रुख्माबाई, पदर खोचून पाण्याच्या कडेला बसलेल्या. तिकडच्या मत्स्यबीज केंद्रावरचा यंदाचा हा शेवटचा माल होता. हा मेला तर वर्षभर तलावात जाळं टाकायचं ते फक्त धुवायला.

आता बोटुकलीला हवा लागते. हवेचा पंप होता, तो वाटेत बंद पडला. पण ट्रक चालत असतो तोवर पाणी हिंदकळतं आणि हिंदकळण्याने पाण्यात हवा मिसळते. रस्त्यात खड्डे आहेत म्हणून माणसं ओरडतात. त्या पिल्लांना मात्र एकेक खड्डा म्हणजे एकेक श्वास होता. आणि ट्रक माझ्यासमोर उभा राहिला. एकदम सपाट रस्त्यावर.

कॅमेऱ्याने नंबर वाचला. कॉम्प्युटरवर उत्तर आलं: 'हे वाहन आधीच महाराष्ट्रात आहे. प्रवेश नाही.' मी खालीच राहिलो.

गोवर्धनने हॉर्न वाजवला. मग उतरून खिडकीशी आला. "मॅडम, का झालं?"

रेणूने स्क्रीनकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं. "दादा, तुमची गाडी महाराष्ट्रात आहे."

"गाडी तं ही पाहा, तुमच्यापुढं उभी आहे."

"स्क्रीनवर ती आत आहे."

"मंग मी कोठं आहो?"

"तुम्हीपण आत."

गोवर्धनने खिशातून मोबाइल काढला. "बायकोले फोन करून विचारू का, मी घरी आलो का म्हणून?"

झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात हाच ट्रक लोखंड घेऊन आत आला होता. ती नोंद बरोबर होती. मग परवा बोटुकली आणायला तो रिकामा बाहेर गेला. पण निघण्याआधी सोसायटीच्या बायकांनी गाडीची पूजा केली. त्यांच्यात नंबर प्लेट म्हणजे गाडीचं कपाळ. आता कपाळाला हळद-कुंकू लावणार नाही तर कुठे लावणार? त्यांनी प्लेट हळदीने माखली, कुंकू लावलं, वरून झेंडूचा जाडजूड हार बांधला. जाताना कॅमेऱ्याला फक्त फुलं दिसली. त्याने लिहिलं, 'वाचता आले नाही.' माझ्या भावाने गाडी सोडून दिली. जाणाऱ्याला अडवायचं नाही, असं त्याला शिकवलेलं. वाटेत हार गळाला, पावसाने कपाळ धुतलं आणि येताना नंबर लख्ख. कॉम्प्युटरच्या हिशेबाने गाडी गेलीच नव्हती, मग येणार कुठून?

आत यायचं तर आधी बाहेर जायला हवं. बाहेर जायचं तर आधी आत असायला हवं. मागे ट्रकांची रांग लागलेली, त्यामुळे गाडी मागेही घेता येईना.

तेवढ्यात डाल्यातून रुख्माबाई उभ्या राहिल्या. "काऊन अडवून ठेवली वो बाई? माही मासोळी वर तोंड करून राहिली!"

रेणूने नागपूरला फोन लावला. त्या दिवशी दुसरा शनिवार. जे एकटे गृहस्थ सापडले ते म्हणाले, सोमवारी अर्ज पाठवा, नोंद दुरुस्त करू. रेणूने ते खिडकीतून हळू आवाजात सांगितलं.

"सोमवार?" रुख्माबाई म्हणाल्या. "मंग मासोळीले सांगतो, बाई म्हणते सोमवारपावतर श्वास धरून ठेवा!"

असं म्हणून त्या वाकल्या आणि दोन्ही तळहातांनी पाण्यावर थापा मारू लागल्या. थप, थप, थप. पंप नसला की असंच करतात. पण डाला मोठा आणि हात दोनच. गोवर्धन वर चढला. मागच्या ट्रकमधला रामलाल भांडायला म्हणून खाली उतरला होता, "कितना टाइम लगेगा भई" म्हणत तावातावाने आला. त्याने डाल्यात डोकावून पाहिलं. भांडण विसरला. "अम्मा, ऐसेही मारना है क्या?" म्हणत त्याने बाह्या सरसावल्या. मग आणखी दोघं-तिघं ड्रायव्हर चढले. मग केशोरावांनी बूट काढून माझ्या खांबाशी नीट जोडून ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तेही चढले. पाणी सगळ्यांच्या तोंडावर उडत होतं.

"जोरानं मारा ना बापा," रुख्माबाई केशोरावांना म्हणाल्या, "कागदावर शिक्का मारून राहिले का?"

मित्रांनो, मी तिथेच होतो. सगळ्यांत जवळ. मला एवढंच करायचं होतं की वर जायचं. आणि तेच करता येत नव्हतं.

आत रेणू एकटी स्क्रीनसमोर बसली होती. कॅमेऱ्यात ट्रक दिसत नव्हता, माणसं दिसत नव्हती, पाणी दिसत नव्हतं. कॅमेऱ्यात फक्त ती प्लेट दिसत होती. तिने कॅमेऱ्याला तेवढंच पाहायला शिकवलं होतं. ती ताडकन उठून बाहेर आली.

"काका, पाना आहे का?"

केशोराव पाणी निथळत खाली उतरले. "कायले?"

"ही गाडी परवा बाहेर गेली, हे खरं आहे ना?"

"माह्या डोळ्यांनं पाह्यली. झेंडूचा ढीग चालून राहिला असं वाटे."

"मग मी खोटं काही करत नाही. राहून गेलेलं खरं तेवढं लिहिते. आणि सोमवारी साहेबांना मीच सांगते."

गोवर्धनने प्लेट खोलून दिली. रेणू ती घेऊन माझ्या बाजूने आत गेली, वळसा घालून जाण्याच्या वाटेवर आली आणि काट्यावर उभी राहिली. दोन्ही हातांनी प्लेट धरून, ट्रकच्या उंचीचा अंदाज घेत जराशी वाकून. ट्रकसारखं दिसायचा तिने तेवढा एकच प्रयत्न केला.

कॅमेऱ्याने नंबर वाचला. काट्याने वजन घेतलं. माझा भाऊ मोठ्या अदबीने वर गेला. रेणू नावाचा ट्रक महाराष्ट्रातून बाहेर पडला आणि मशीनमधून चिठ्ठी आली. गोवर्धनने ती मोठ्याने वाचली: "दहा चाकी ट्रक. वजन एक्कावन्न किलो. बाहेर."

डाल्यातल्या सगळ्यांना थापा मारता मारता हसू फुटलं. रेणू लाल झाली. वजन तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आता ते सरकारदरबारी कायमचं नोंदलं गेलं होतं, आणि नोंद बदलता येत नाही हा नियम तिचाच होता.

"जेवत जाय वो बाई," रुख्माबाई ओरडल्या. "एवढा हलका टरक मी नाही पाह्यला!"

प्लेट परत लागली. एक बोल्ट घाईत हरवला, तिथे सुतळी बांधली. कॉम्प्युटरने विचार केला आणि मला सांगितलं: वर. मी त्या दिवशी गेलो तसा वर कधीच गेलो नव्हतो. ट्रक माझ्याखालून जाताना रुख्माबाईंनी हात उंच करून मला ओला तळहात लावला. बैलाच्या पाठीला लावतात तसा. माझ्यावरची त्या हाताची पाच बोटं उन्हात वाळेपर्यंत मी खाली यायचं नाव काढलं नाही.

सगळी बोटुकली वाचली असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण काही मेली होती. उरलेली संध्याकाळी तलावात सुटली, असं गोवर्धनने पुढच्या फेरीत सांगितलं. तो म्हणाला, सोडल्यावर ती आधी काठाशीच घुटमळली, मग एकदम दिसेनाशी झाली. रेणूने त्याला ते दोनदा सांगायला लावलं.

सोमवारी तिने साहेबांना सगळं कळवलं. बोलणी खाल्ली. मग सिस्टीम पुन्हा उघडून बसली. आता चुकलेल्या नोंदीखाली नाक्यावरच्या माणसाला स्वतःच्या नावानिशी खरं काय ते लिहिता येतं. आणि गाडी आली की स्क्रीनवर नंबराच्याही आधी एक प्रश्न येतो: 'आत जिवंत काही आहे का?' केशोरावांनी 'हो' दाबलं की मी आधी वर जायचो, बाकीचं पुढे गाडी बाजूला घेऊन व्हायचं.

बोटुकली गेली, कोंबडीची पिल्लं गेली, शेळ्या गेल्या. एकदा आंब्याची कलमं आली तेव्हा केशोरावांनी तरीही 'हो' दाबलं. आणि एकदा गोवर्धनचा रिकामा ट्रक आला. केशोरावांनी 'हो' दाबलं.

रेणू म्हणाली, "काका, गाडी रिकामी आहे. यात जिवंत काय आहे?"

"हा काय, गोवर्धन. सकाळपासून जेवला नाही तो."

मी वर गेलो.

पुढे एका लांबलचक ट्रेलरने वळताना मला धडक दिली आणि मी कायमचा वाकलो. माझ्या जागी नवीन दांडा आला, त्याच्यावर रात्री दिवे लागतात. रेणू दुसऱ्या नाक्याचं काम करायला गेली. जाताना इथे मागे आली होती. मला पुसलं, आणि सवयीने 'चल राजा' म्हणून पुढचा शब्द गिळला. मी आता इथे पडून असतो. धूळ बसते. येताजाता कोणी पुसलं तर बरं वाटेल, पण तो हट्ट नाही.

हट्ट दुसराच आहे. मित्रांनो, तुमच्यातलं कोणी ना कोणी मोठेपणी असं यंत्र बनवणार. त्याला खूप गोष्टी शिकवाल, माझी ना नाही. पण तुमच्या यंत्रापुढे कोणी येऊन थांबेल तेव्हा आत जिवंत काही आहे का, हे त्याला आधी विचारायला शिकवा. नंबर खुशाल नंतर विचारा. त्याला श्वास लागत नाही.