वाकडी धावपट्टी

विमान पुन्हा एकदा गवतात उतरलं. डावं चाक धावपट्टीची कड सोडून खाली गेलं, पंखाचं टोक जमिनीला घासलं आणि सगळं चित्र तिरकं होऊन थांबलं. कॅप्टननी जॉयस्टिकवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"धावपट्टी वाकडी काढलीये लेकाच्यांनी," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, उतरलात का? उतरलो, असं त्यांनी सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही.

कॅप्टन हे काही खरे कॅप्टन नव्हेत. ते सिटी बसचे ड्रायव्हर. त्याच मार्गावर, त्याच त्या थांब्यांवर गाडी थांबवण्यात आणि पुन्हा सोडण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. मुलगी नोकरीच्या गावी निघाली तेव्हा तिने आपला कॉम्प्युटर घरीच ठेवला, त्यात हा विमान चालवायचा खेळ घालून दिला आणि वर जॉयस्टिकही आणून जोडली. तिला वाटलं, बाबा चार दिवस खेळतील आणि सोडून देतील.

बाबांनी ते फारच मनावर घेतलं. त्यात खेळ म्हणण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. खऱ्या विमानात जेवढी बटणं तेवढी सगळी इथेही होती. इंजिन सुरू करायचं म्हटलं तरी शेजारचा चहा निवून जायचा. वारा त्या दिवशीचा खरा वारा, ढगही खरे, आणि दोन तासांच्या प्रवासाला दोन तासच लागणार. मधेच उठायची सोय होती, पण कॅप्टन उठत नसत. चालू गाडी सोडून ड्रायव्हर उठतो का? शेजारीण काही विचारायला आली तर बायको दारातूनच सांगायची, "ते हवेत आहेत, उतरले की पाठवते." ही गोष्ट त्यांच्या कंडक्टरच्या कानावर गेली, कंडक्टरच्या तोंडून डेपोभर झाली, आणि तेव्हापासून त्यांचं हेच नाव पडलं.

खरं तर त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. बसला शेवट म्हणून नसतो. शेवटच्या थांब्यावर पोचलं की पाटी फिरवायची आणि तेच रस्ते उलटे धरायचे. विमान एकदा उतरलं की पोचलं. मागून कुणी घंटी मारत नाही, कुणी दाराला लोंबकळत नाही, पुढचा थांबा आला का म्हणून कुणी डोकं खात नाही. संध्याकाळी घरी येताना पाय सुजलेले असत, कंबर धरलेली असे. तरी विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवर टेकून सरळ धावत थांबलं की त्यांना आत कुठेतरी बरं वाटायचं. दिवसाकाठी तेवढीच एक गोष्ट त्यांच्या मनासारखी व्हायची.

आणि आता तीही बिनसली होती. आधी त्यांनी वाऱ्याला दोष दिला. मग जॉयस्टिक उघडून, पुसून, पुन्हा बसवली. मग त्यांच्या ध्यानात आलं की मध्यंतरी खेळाचं काहीतरी नवं अपडेट येऊन बसलं होतं, आणि तेव्हापासूनच हे सुरू झालं असणार. एखाद्या गावची धावपट्टी वाकडी असती तर त्यांनी चालवून घेतलं असतं. इथे सगळ्या गावांच्या धावपट्ट्या बिघडल्या होत्या. मधली पांढरी रेषा ऐन मध्यावर वाकायची आणि त्यापुढचा तुकडा हाताने पुसल्यासारखा व्हायचा. ते त्या वाकड्या रेषेला धरून विमान आणायचे आणि गवतात जायचे.

रविवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. चाळिशीचा, टक्कल पडलेला, सकाळपासूनच दमल्यासारखा दिसणारा माणूस. त्याने वायरी काढून पुन्हा घातल्या, स्क्रीन बंद करून चालू केला, खेळ उघडून पाहिला. मग म्हणाला की यात काही बिघाड नाही. कॅप्टननी विमान धावपट्टीवर उभं केलं आणि रेषेवर बोट ठेवून, हे काय मग, असं विचारलं.

दुरुस्तीवाल्याने स्क्रीनकडे पाहिलं, कॅप्टनकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग त्याने घरात पट्टी आहे का म्हणून विचारलं. बायकोने शिवणाच्या डब्यातली लाकडी पट्टी आणून दिली. त्याने ती स्क्रीनवर रेषेला लावून धरली.

"बघा काका, एकदम सरळ आहे."

कॅप्टननी पाहिलं. पट्टीसुद्धा वाकडी दिसत होती.

हो की, सरळच आहे, माझंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला आणि त्याला चहा घेऊन जायला सांगितलं. बायको पट्टी परत घेऊन गेली. जाताना तिने ती एकदा आपल्या डोळ्यांसमोर आडवी धरून पाहिली.

तो माणूस गेल्यावर कॅप्टननी एकेक डोळा झाकून पाहिला. उजव्या डोळ्याने पाहिलं तर समोरच्या भिंतीवर मधोमध करडा डाग. डाव्याने पाहिलं तर दाराची चौकट मध्ये चेपलेली. दोन्ही डोळे मिळून कसंबसं भागवत होते आणि मालकाला पत्ता नव्हता.

सोमवारी ते कामावर गेले. जायला नको होतं, हे त्यांना कळत होतं. पण सवय म्हणून पाय डेपोकडे वळले. गाडी बाहेर काढली तशी रस्त्यावरची रेषा वाकली. ती गेले कित्येक दिवस वाकत होती. रस्त्यावर पट्टे ओढणारे हलगर्जी असतात अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. आणि मग त्यांना गेल्या आठवड्यातली ती बाई आठवली.

पिशवी घेतलेली ती बाई रस्त्याच्या मधोमध अचानक उगवली होती. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, उभी माणसं एकमेकांवर कोसळली, कंडक्टरचं कोपर दांड्यावर आपटलं. कॅप्टन खाली उतरून बाईला नाही नाही ते बोलले. ती थरथरत उभी होती. मी केव्हाची चालतेय, तुम्ही माझ्याकडे बघितलंत म्हणून तर निघाले, एवढंच ती म्हणाली. बाई धडधडीत खोटं बोलते असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. ती खरं बोलत होती. ती त्या डागात होती. त्या सोमवारी त्यांनी गाडी इतकी सावकाश चालवली की माणसं मागून कुरकुर करायला लागली.

गुरुवारी ड्रायव्हर लोकांची वर्षाची तपासणी होती. तिची भीती मात्र डेपोत कुणालाच नव्हती, त्यांनाही नव्हती. दवाखान्यातला डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर टांगून पिवळा पडला होता आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होता. नवीन ड्रायव्हर लागला की कॅन्टीनमध्ये बसवून त्याच्याकडून त्या ओळी पाढ्यांसारख्या घोकून घेत. पहिल्यापहिल्यांदा ती गंमत होती. एखाद्या बारक्या अक्षरापायी मोठ्या दवाखान्यात फेऱ्या मारून रजा कशाला बुडवायची, एवढाच हिशेब. घोकून घेणाऱ्यांत कॅप्टन सगळ्यात पुढे. त्यांची म्हणायची चालच अशी होती की ऐकणारा एकदा ऐकून विसरायचा नाही.

सोमवारीच दुपारी डबा खाताना त्यांनी कंडक्टरला सगळं सांगितलं. दोघांची जोडी जुनी. एकमेकांच्या मुलींच्या लग्नाच्या काळज्याही त्यांनी त्याच बाकावर बसून केल्या होत्या. कंडक्टरने घास थांबवला नाही.

"मग अडलंय कुठे? तक्ता पाठ आहे ना तुला? म्हण आणि मोकळा हो. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष तर राहिलंय. मी आहे ना मागे."

"तू मागे आहेस," कॅप्टन म्हणाले. "ती बाई पुढे होती."

मग कंडक्टरने 'ठेवलेल्यां'ची आठवण करून दिली. गाडीवरून उतरवलेल्या ड्रायव्हरांना डेपोच्या मागच्या खोलीत, प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्या आणि पिशव्या लावायला बसवत. सगळे त्यांना 'ठेवलेले' म्हणत. खोलीवरून जाताना कुणीतरी हटकून आत डोकावायचं आणि, काय, कुणी न्यायला आलं का तुम्हाला, असं विचारायचं. हा विनोद मुळात कॅप्टननीच काढलेला होता. त्या दुपारी तो त्यांच्यावरच उलटला. त्यांना डोळ्यांपेक्षा त्या खोलीची जास्त भीती वाटली, आणि आपल्याला असं वाटावं याची लाजही वाटली.

बुधवारी संध्याकाळी ते कॉम्प्युटरसमोर बसले, पण तो चालू केला नाही. बायकोने चहा आणून ठेवला आणि नेहमीसारखी आत न जाता समोर बसली. किती दिवस झाले, असं तिने विचारलं. माहीत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग त्यांनी तक्त्याचं सांगितलं, कंडक्टर काय म्हणाला ते सांगितलं, मागच्या खोलीचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. उद्या हे करा किंवा करू नका, असं ती बोलली नाही.

"तुमच्या गाडीत बसले की मला झोप लागते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या गाडीत नाही लागत."

एवढं बोलून ती रिकामा कप घेऊन उठली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं कॅप्टनना वाटून गेलं.

गुरुवारी दवाखान्यात रांग होती. डॉक्टर मान खाली घालून सह्या करत होते. कॅप्टनचा नंबर आला तसं त्यांनी वर न बघता, वाचा, असं सांगितलं. कॅप्टननी एक डोळा झाकला आणि सुरुवात केली. तोंड आपोआप चालू लागलं. पहिली ओळ, दुसरी, मग ती बारीक अक्षरांची शेवटची. कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही. भिंतीवर त्यांना मधोमध करड्या डागाखेरीज काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

कॅप्टन जागचे हलले नाहीत.

"डॉक्टर, हे मी वाचलं नाही. मला पाठ आहे."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"दुसरं काहीतरी दाखवा," कॅप्टन म्हणाले.

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून समोर धरलं. कॅप्टननी बराच वेळ पाहिलं. कडेची दोन-तीन अक्षरं सांगितली. मधलं काही नाही, असं म्हणाले. डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला, त्यांना खुर्चीवर बसवलं, डोळ्यांत बत्ती मारून कितीतरी वेळ आत पाहिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसत राहील, हिंडता-फिरता येईल, मोठ्या दवाखान्यात इलाज केला तर आहे तेवढं टिकेलही. स्टिअरिंग मात्र आजपासून नाही. कॅप्टननी मान हलवली. हे सगळं त्यांना रविवारीच पट्टीने सांगितलं होतं.

बाकीच्यांनाही पाठ आहे का, असं डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"माझं मी सांगितलं," कॅप्टन म्हणाले.

डॉक्टर उठले आणि त्यांनी तो तक्ता स्वतःच खिळ्यावरून काढला. दार उघडंच होतं, रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. कॅप्टन बाहेर आले. ज्यांना त्यांनी कॅन्टीनमध्ये तक्ता शिकवला होता, ते मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते. कंडक्टर तेवढा फाटकापर्यंत मागोमाग आला.

"झालं तुझं समाधान?" तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "आता माझ्या पुढे कोण बसणार रे?"

कॅप्टननी त्याच्या त्या दुखऱ्या कोपरावर हात ठेवला आणि ते चालत घरी आले. बस मिळाली असती, पण त्यांना बसमध्ये चढवेना.

बायकोला त्यांनी सांगितलं, सोमवारपासून मागच्या खोलीत. तिने पान वाढलं. जेवण झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. आता हा कायमचा बंद करून झाकून ठेवतील असं तिला वाटलं होतं, म्हणून ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

त्यांनी खेळ थेट हवेतूनच सुरू केला होता; विमान उंच आकाशात होतं. कॅप्टननी हात जॉयस्टिकला लावलाच नव्हता. एक बटण दाबून त्यांनी चालकाची जागा सोडली आणि ते मागे, प्रवाशांच्या रिकाम्या रांगांमध्ये गेले. शोधत शोधत एका खिडकीशी थांबले. बाहेर पंख होता, त्याखाली ढग, आणि कडेकडेने जमिनीचे हिरवे-तपकिरी तुकडे. मधलं नसलं तरी तेवढं त्यांना दिसत होतं.

"कोण चालवतंय?" बायकोने विचारलं.

"त्याचं ते चालतंय."

"मग तुम्ही काय करताय?"

"बसलोय," कॅप्टन म्हणाले.

तिने स्टूल ओढलं आणि ती शेजारी टेकली. कॅप्टननी आपली खुर्ची जराशी सरकवली आणि खिडकीसमोरची जागा तिला करून दिली.