सदऱ्याचं झबलं

चांगुणाबाईच्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून असे. येरमाळ्याहून कळंबला जाणाऱ्या रस्त्याला लागून तिचं गाव. गल्लीतली कुठलीही बाई पोराची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन उंबऱ्यावर आली, की आधी चांगुणाबाई ओट्यावर बसली आहे का ते बघून घेई. मुलगा राजपाल कळंबच्या एसटी डेपोत कामाला लागला आणि त्याने मोटारसायकल घेतली, तेव्हा शेजारच्या धुरपदाबाईने मायेपोटी हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. चांगुणाबाईने ती सोडून घेतली, मिरच्यांचा ठेचा केला, लिंबू वरणावर पिळलं आणि त्याच वरणाची वाटी धुरपदाबाईला नेऊन दिली. "खाऊन बघ, काय बाधा हुतीय का ते सांग," म्हणाली. धुरपदाबाईने वरण खाल्लं, वाटी घासून परत केली आणि पुढे दोन दिवस बोलली नाही.

चांगुणाबाईचा नवरा गुलाब तेव्हा जिवंत होता. शाळेतला शिपाई, मऊ स्वभावाचा माणूस. तो म्हणायचा, "चांगुणा, तुझं खरं हाय गं, पण जरा हळू खरं बोलत जा." हळू बोलणं काही तिला जमलं नाही. अशी ही बाई, आणि नेमकं तिच्याच तोंडून ते वाक्य निघून गेलं.

त्याला दोन वर्षं झाली. सून रोहिणी उमरग्याकडची, लग्नात माहेराहून पायाची शिलाई मशीन घेऊन आलेली. तिच्या हातात कात्री आली की घरातलं काही वाया जायचं नाही. राजपालच्या विरलेल्या पँटच्या तिने बाजाराच्या पिशव्या केल्या, जुन्या साड्यांचे पडदे केले, पडद्यांच्या उरल्या तुकड्यांची पायपुसणी केली. उशांना अभ्रे घातले, मिक्सरला झाकण शिवलं, एवढंच काय, सासूच्या चष्म्यालासुद्धा घर शिवलं. चांगुणाबाई तोंडावर म्हणायची, "आता मलाच काय ती खोळ शिवायची राहिलीय," आणि पाठीमागे गावभर त्या पिशव्या मिरवायची.

रोहिणीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यापासूनच तिची मशीन चालू झाली. सात झबली, चार टोपडी, दुपटी, एक टीचभर वाकळ. आठव्या महिन्यात एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. मुलगी होती. नाळ मानेभोवती दोनदा गुंडाळली गेली होती, असं डॉक्टरबाईने बाहेर येऊन नीट समजावून सांगितलं.

चांगुणाबाईला ते समजलंही होतं. पण दवाखान्याच्या भिंतीला डोकं टेकून ती सोबतीला आलेल्या धुरपदाबाईला म्हणाली, "आधी शिवायलाच नको हुतं." चारच शब्द. जिभेला हाड नसतं म्हणतात. दुःखात ती कुणाचं ऐकतही नाही. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आत खाटेवर रोहिणी होती. औषधाने तिचा डोळा लागला असेल, असं चांगुणाबाई धरून चालली आणि तो विषय मनातल्या मनात पुरून टाकला. झबली राजपालने कुणाला तरी देऊन टाकली.

आता रोहिणीला पुन्हा आठवा महिना लागला होता. तपासण्या सगळ्या ठीक, बाळ आत लाथा मारत होतं. पण घरात बाळाचं म्हणावं असं चिंधीभर कापड नव्हतं. सातव्या महिन्यापर्यंत रोहिणीने गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवली, मग मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. हाताने साड्यांना फॉल लावायची, बस. कुणी लहान मुलाचं काही शिवायला आणलं तर म्हणायची, "आता जमंना वैनी, दुसरीकडं बघा."

गावची आशाताई शिवकांता येऊन बजावून गेली होती, की दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवा. चार-पाच झबली, टोपडं, मऊ फडकी. कापड नवं कोरं नको, वापरून-धुऊन मऊ झालेलं सुती हवं. रोहिणी "व्हय" म्हणाली. आठवड्याने शिवकांताने पुन्हा विचारलं, तेव्हाही "व्हय" म्हणाली. राजपालने कळंबहून तयार कपडे आणतो म्हटलं, त्यावर ती म्हणाली, "नंतर बघू." नंतर म्हणजे कधी, हे काही तिने सांगितलं नाही, आणि तिचा चेहरा बघून राजपालनेही विचारलं नाही.

चांगुणाबाईला वाटलं, पोर थकली असेल.

एका दुपारी धुरपदाबाई साडी घेऊन आली. फॉलचं निमित्त. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी खोड, त्यामुळे साडी देऊन झाल्यावरही ती बसून राहिली. रोहिणी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"पोरगी शहाणी झाली बघ तुझी," धुरपदाबाई हळूच म्हणाली. "या खेपेला आधी काय शिवलं न्हाय."

"शिवलं न्हाय म्हंजी?" चांगुणाबाईचा आवाज चढला. "तुझ्यासारखी इळभर शकुन-अपशकुन करत बसणारी न्हाय माझी सून."

"मला कामून बोलायलीस? तूच म्हणलीस की, दवाखान्यात. पोरगी जागी हुती दाराआड." धुरपदाबाईने पदर सावरला. "म्या परवा इचारलं तिला, बाळाचं काय शिवलंस गं म्हणून. तर म्हणली, मावशी, आमच्या आत्याबाई आसलं कायबी मानत न्हाईत. त्याच म्हणल्या, म्हंजी खरंच आसंल."

चांगुणाबाई गप्प झाली. धुरपदाबाई घाबरली, इतक्या वर्षांत तिने चांगुणाबाईला गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. ती उठून निघून गेली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चांगुणाबाईने ही म्हण आजवर दुसऱ्यांना पुष्कळदा ऐकवली होती. धुरपदाबाईने तेच वाक्य उच्चारलं असतं, तर रोहिणीने ते कानाआड केलं असतं. लिंबाचं वरण करून खाणाऱ्या बाईने उच्चारलं म्हणून पोरीने खरं मानलं होतं. दोन वर्षं ती असं धरून बसली होती, की आपल्याच हातच्या शिलाईने आपली मुलगी गेली. आणि दोन वर्षं या घरात तिच्या हातची भाकरी खाऊन आपण ढेकर देत होतो. चांगुणाबाईला स्वतःची अशी शरम वाटली, की तिला तिथे बसवेना.

उठून तिने पत्र्याची पेटी उघडली. गुलाबचे तीन पांढरे सदरे तीत होते. पौर्णिमेला विहारात जाताना घालायचा ते. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. तो गेल्यापासून तिने त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. रोहिणीने एकदा त्यांचे अभ्रे करू का विचारलं, तर चांगुणाबाईने तिला केवढी झाडली होती. त्यातला सगळ्यात मऊ सदरा तिने काढला आणि ओट्यावर, भर उन्हाच्या उजेडात, कात्री घेऊन बसली. पहिला काप घालताना हात थांबला. "कात्री घालते बघा," ती गुलाबला सांगितल्यासारखं पुटपुटली आणि काप घातला.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. तान्ह्या बाळाचं पहिलं झबलं शिवताना शिवणीची कड बाहेर ठेवतात. आत घेतली तर दिसायला छान दिसतं, पण ती कड बाळाच्या कातडीला घासते. बटण नाही, गाठ नाही, पुढे फक्त नाड्या. हे चांगुणाबाईला ठाऊक नव्हतं असं नाही, तीन लेकरं वाढवली होती तिने. तरी तिने सगळी शिवण मुद्दाम आत घेतली, आणि टाकेही वेडेवाकडे घातले. रोहिणीला वाईट शिवलेलं बघवत नाही. शेजारणीच्या पोलक्याची बाही वाकडी दिसली तरी ती रस्त्यात थांबवून सांगायची. हे बघितलं की ती हातातून हिसकून घेईल, उसवेल, पुन्हा शिवेल, आणि आपल्याला काही बोलावं लागणार नाही. असा बेत होता.

रोहिणी रिकामी बादली घेऊन ओट्यावर आली. सासूच्या मांडीवरचं पांढरं कापड तिने पाहिलं. सदरा ओळखला. झबलंही ओळखलं. तिची नजर शिवणीवर क्षणभर थांबली. मग ती काही न बोलता आत गेली आणि पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

बेत फसला. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि माफी मागायची चांगुणाबाईच्या जिभेला मुळीच सवय नव्हती. झबलं हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रोहिणी, त्या दिवशी दवाखान्यात म्या जे बोलले, ते खोटं हुतं."

रोहिणीचा पिठातला हात थांबला.

"शिवल्यानं कुणाचं लेकरू जात न्हाय. नाळंनं गेलं ते. डॉक्टरबाईनं सांगितल्यालं म्या माझ्या कानानं ऐकलं हुतं. तरी तसं बोलले. कुणावर तरी राग काढायचा हुता, तो तुझ्या हातावर काढला. म्या चुकले, बाय."

"मला बी सांगितलं हुतं डॉक्टरबाईनं," रोहिणी पाठमोरीच म्हणाली. "पर डॉक्टरबाई परकी. तुमी घरच्या."

चांगुणाबाई उंबरा ओलांडून आत आली.

"दोन वरसं, आत्याबाई." रोहिणी वळली. ती रडत नव्हती, संतापली होती. "रोज त्या मशीनीकडं बघायचं आन् वाटायचं, ह्या हातानं म्याच घालवली माझी पोरगी. यांना बी कधी बोलले न्हाय. तुमाला एकदा तरी सांगावं वाटलं न्हाय?"

"तू झोपलीस आसं वाटलं मला."

"आन् जागी आसले तर, ह्याचा इचार न्हाय आला?"

"आला हुता," चांगुणाबाई म्हणाली. हे सांगणं सगळ्यात अवघड होतं. "लई येळा आला. लाज वाटली म्हणून गप बसले."

मग रोहिणीने पिठाचे हात पदराला पुसले आणि सासूच्या हातातून ते झबलं घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. काखेत बोट घालून शिवणीवरून फिरवलं.

"कड आत घेतलीय तुमी," ती म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. "लेकराला टोचंल की."

"टोचंल तर खरं."

"आन् हे टाके? तीन लेकरं वाढवली म्हणता."

"मग उसव की," चांगुणाबाई म्हणाली.

रोहिणी भिंतीला पाठ लावून खाली बसली, ब्लेडचा अर्धा तुकडा घेतला आणि एकेक टाका कापू लागली. डोळ्यांतलं पाणी त्या कापडावर पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती. चांगुणाबाई शेजारी बसून सुटलेले दोरे वेचत राहिली. रोहिणीने तिला ऊठ म्हटलं नाही, एवढ्यावरच तिने समाधान मानलं.

सगळं उसवून झाल्यावर मशीनवरची चादर निघाली. तेल घातलं, बॉबिन भरली. पण रोहिणी स्टुलावर बसली तर पोट मध्ये येई, हात सुईपर्यंत पोचत, पण पाय पायडलवर नीट पडेनात. चांगुणाबाईचं उलट. पाय भक्कम, पण हात थरथरे आणि सुईचं टोक दिसत नसे. शेवटी चांगुणाबाई स्टुलावर बसली आणि रोहिणी बाजूला खुर्ची घेऊन. पायडल सासूचं, कापड सुनेचं.

"हळू, आत्याबाई."

"हळूच मारायले की."

"ह्येला हळू म्हणत्यात व्हय? गळ्यापाशी आलाव आपण."

जन्मात पहिल्यांदा चांगुणाबाईने हळू घेतलं. गळा वळला, खांदे जुळले, शिवणीच्या कडा सगळ्या बाहेर राहिल्या. नाड्या लावायच्या उरल्या होत्या, एवढ्यात धुरपदाबाई साडी झाली का बघायला दारात आली. मशीनचा आवाज ऐकून ती उंबऱ्यावरच थबकली.

"अगं बाई! काय शिवायलात?"

चांगुणाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि नुसतं पायडल मारत राहिली.

"झबलं," रोहिणी म्हणाली. मान तिने वर केली नाही, पण आवाज गल्लीत ऐकू जाईल एवढा होता. "माझ्या लेकराचं. अजून चार शिवायचीत, मावशी. घरात मऊ धोतर आसंल तर आणा."

धुरपदाबाईने एकदा त्या चिमुकल्या पांढऱ्या झबल्याकडे पाहिलं, एकदा रोहिणीच्या पोटाकडे. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. साडीचं न विचारताच ती घरी गेली आणि आपल्या म्हाताऱ्याचं धुऊन घडी घातलेलं धोतर घेऊन आली.